लिंबू-पेरूची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या – लोह द्यायचं तर नेमकं कसं?

परसबाग_अथणी:

नमस्कार मंडळी. घर आमचं बेळगाव जिल्ह्यात, अथणी तालुक्यात, नदीपासून लांब, सगळी काळी माती. मागच्या परसात एक कागदी लिंबू, एक पेरू, एक चिकू, दोन जास्वंदी आणि दारात एक इक्झोरा हाय. चिकूला काहीच झालेलं नाही. पण लिंबू आणि पेरूची शेंड्याकडची पानं सगळी फिकी पिवळी येतायत आणि त्यात शिरांची जाळी तेवढी हिरवी, पेनाने काढल्यागत. खालची जुनी पानं हिरवीगार. इक्झोरा तर पांढराच पडत आलाय, पानांच्या कडा पण करपल्यात. शेजारचे काका उसवाले, ते म्हणाले हा उसावर पडतो तसला केवडाच (पानं पिवळी पडायचा रोग) की रे, लोह कमी पडलंय, हिराकस (फेरस सल्फेट) टाक. मग दुकानातनं हिराकस आणलो, प्रत्येक आळ्यात मूठ-मूठ टाकलो, वरनं पाणी सोडलो, पण कायसुद्धा फरक नाही. आई म्हणते खोडात गंजके खिळे मारा, पूर्वी असंच करायचे. यूट्यूबवर एकजण सांगतोय गंधक टाका, दुसरा म्हणतोय चिलेटेड लोह घ्या, म्हणजे कसल्याशा रसायनानं धरून ठेवलेलं, आणि दुकानात गेलो तर चिलेटेडमध्ये पण तीन-चार प्रकार, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पाणी बोअरचं आहे, रोज संध्याकाळी पाइप लावून सोडतो. खत म्हणाल तर शेणखत, मधनं डीएपी, आणि बंबातली राख रोज झाडांनाच जाते, ती कुठं टाकायची मग. नेमकं काय करू सांगा की कोणीतरी, पेरूचा बहार धरायची वेळ जवळ आलीय.

वडगावची_अक्का:

अण्णा फोटो टाका की. पण सांगितलंय त्यावरनं लोहाचंच वाटतंय. नवी पानं पिवळी आणि जुनी हिरवी असलं की लोह किंवा मँगनीज, जुनी आधी पिवळी पडली की नत्र नाहीतर मॅग्नेशियम. झाडाला नत्र कमी पडलं तर ते जुन्या पानातलं काढून शेंड्याला देतंय, लोहाचं तसं करता येत नाही त्याला, एकदा पानात बसलं की बसलं, म्हणून नव्या पानाचे हाल. मँगनीज कमी असलं की शिरेच्या दोन्ही बाजूला हिरवा पट्टा जरा रुंद राहतोय, लोहात अगदी बारीक रेघ. आणि लिंबाची पानं बारकी-बारकी होऊन झुबक्यात यायला लागली तर जस्त, तेही बघून घ्या, आपल्या काळ्या मातीत लोह आणि जस्त बरेचदा जोडीनंच कमी पडतात.

आणि ती राख आधी बंद करा!! राख म्हणजे चुना आणि पोटॅश, लाल आंबट मातीला ती अमृत, तुमच्या मातीला नाही. बंब पेटवताय म्हणजे रोज घमेलंभर तरी निघत असणार.

परसबाग_अथणी:

हो रोज निघते. आईला कसं सांगायचं हा प्रश्नच आहे, तिच्या मते राखेनं कीड जाते. फोटो संध्याकाळी टाकतो.

मलप्रभाकाठ (खानापूर):

आमच्याकडं असलं काही बघितलं नाही बाबा. लाल माती, पेरू-आंबा-फणस सगळं हिरवंगार, कधी लोह घातलेलं नाही कोणी. काळ्या मातीतच लोह कमी असतं काय? असं असेल तर खानापुरातनं दोन ट्रॉली लाल माती नेऊन टाका, विषय संपला.

कृषीखातं_निवृत्त (संकेश्वर):

वरच्या खानापूरच्या दादांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा गैरसमज इथंच आहे. काळ्या मातीत लोह कमी नसतं. कुठल्याही मातीत वजनाच्या एक ते पाच टक्के लोह सहज असतं, म्हणजे एका झाडाच्या आळ्यातच कित्येक किलो. झाडाला लागतं ते काही ग्रॅम. प्रश्न असा की ते विरघळलेल्या रूपात मुळाला मिळतंय का. मातीचा सामू, म्हणजे पीएच, एकाने वाढला की पाण्यात विरघळणारं लोह साधारण हजार पटीनं कमी होतं. खानापुरात पाऊस धो-धो, चुना सगळा धुवून गेलेला, सामू साडेपाच-सहा, त्यामुळं तिथं लोह मोकळं. अथणी, रायबाग, गोकाकचा पूर्व भाग, सौंदत्तीकडची काळी रानं, इथं पाऊस कमी आणि मातीत चुनखडी, सामू आठच्या आसपास नाहीतर वर. तिथं लोह आहे पण कुलूपबंद. तुम्ही हिराकस टाकला म्हणजे त्याच कुलपाच्या आत आणखी लोह सारलं, दुसरं काही नाही. हिराकसातलं लोह विरघळणारं असतं खरं, पण चुनखडीच्या ओल्या मातीत ते हवेशी संयोग पावून काही दिवसांतच गंज होऊन बसतं.

लाल माती आणून टाकायचं म्हणाल तर कुंडीला ठीक आहे. परसातल्या झाडाची मुळं आळ्याच्या बाहेर दहा फूट गेलेली असतात, ट्रॉलीनं काय होणार. वरनं पाणी बोअरचंच देणार, म्हणजे लाल मातीसुद्धा हळूहळू चुनखडी धरणार.

आता पाण्याबद्दल, कारण माझ्या मते अथणीच्या अण्णांचं निम्मं दुखणं तिथं आहे. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. हे बायकार्बोनेट मुळापाशी दुहेरी नुकसान करतं. पेरू, लिंबू, जास्वंद असल्या झाडांची मुळं लोह हवं असलं की स्वतः आंबट रस सोडतात आणि मुळाच्या टोकाशी लोहाचं रूप बदलून ते आत घेतात, बायकार्बोनेट तो आंबटपणाच मारून टाकतं. आणि काळ्या मातीत रोज पाणी म्हटल्यावर माती कधी वाफसा (ओल आणि हवा दोन्ही बेताची) धरतच नाही, मुळांना हवा नाही, मुळं श्वास सोडतात तो वायू चिखलात अडकून आणखी बायकार्बोनेट तयार होतं. पावसाळ्यात पाणी साठलेल्या रानात ऊस नि भुईमूग पिवळा पडतो आणि ऊन पडून वाफसा आला की आपोआप हिरवा होतो हे आपल्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्यामुळं पहिलं औषध फुकटातलं, रोजचं पाणी बंद. खुरप्यानं चार बोटं उकरायचं, खालची माती मुठीत दाबून गोळा होत असेल तर पाणी नको. चिकटच असली तर अजिबात नको.

डीएपीही थांबवा, त्यात स्फुरद (फॉस्फरस) असतं. स्फुरद जास्त झालं की लोहाला अडवतं, झाडाच्या आतसुद्धा. परसातल्या झाडांना शेणखत घातल्यावर डीएपीची गरज क्वचितच पडते.

नर्सरी_निपाणी:

सर बरोबर आहे पण हिराकस अगदीच वाया असं पण नाही हां. आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय. उघडा मातीत टाकायचा नाही एवढंच. एक वाटा हिराकस, दहा वाटे चांगलं कुजलेलं शेणखत, मिसळून जरा ओलं करून पोत्याखाली पाच-सहा दिवस मुरत ठेवायचं आणि मग आळ्यात सगळीकडं न पसरता, खोडापासून दोन-अडीच फुटावर चार-पाच खड्डे घेऊन त्यातच भरायचं. शेणखतातले आम्ल लोहाला धरून ठेवतात, चुन्याशी गाठ पडू देत नाहीत. महागातलं चिलेट सगळ्यांना परवडतं काय?

कृषीखातं_निवृत्त (संकेश्वर):

तुमची पद्धत बरोबर आहे, उसाला पण अशीच शिफारस करतात. फक्त त्याचा परिणाम हळू आणि थोडा, हे गिऱ्हाईकाला सांगत चला. इक्झोरा पांढरा पडलाय तो महिनाभर थांबणार नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर):

बरं कळलं. पण मग एक सांगा, माझ्या भावाचं घर बेळगावात टिळकवाडीत, तिथं तर लाल मातीच आहे, तरी कंपाउंडच्या भिंतीकडेची मोगरा आणि अनंताची झाडं पिवळी पडलीत, आणि बागेच्या मधली तीच झाडं चांगली. ते कसं?

वडगावची_अक्का:

भिंत कधी बांधली विचारा. गवंडी सिमेंटचा उरलेला माल, प्लास्टरचा खवडा, विटांचे तुकडे सगळं पायाकडंच लोटून वर चार पाट्या लाल माती पसरून जातात. अनंत आणि इक्झोरा असल्या बाबतीत सगळ्यात नाजूक, ती आधी ओरडतात. हातभर उकरून बघायला सांगा, खवडा निघाला तर काढून टाकायचा आणि माती बदलायची, तिथं माती बदलणं जमतंय कारण जागा चिंचोळी.

परसबाग_अथणी:

सगळ्यांना थँक्स. लिंबू पिळून बघा म्हणून एका ग्रुपवर वाचलो होतो म्हणून आळ्यातली वीतभर खालची माती बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळलो, बारीक बुडबुडे आले आणि कान जवळ नेला तर सुर्रर्र आवाज. मातीत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे पण सापडले. म्हणजे चुनखडीच ना? मग गंधक टाकून ती मारता येणार नाही काय, गंधक स्वस्त आहे.

कृषीखातं_निवृत्त (संकेश्वर):

चुनखडीच. लिंबाच्या रसासारख्या हलक्या आम्लालाही आवाज आला म्हणजे भरपूर आहे.

गंधकाचा हिशेब तुम्हीच करून बघा. मातीतले जिवाणू गंधकाचं गंधकाम्ल करतात, ते चुन्याला खातं, इथपर्यंत यूट्यूबवाला बरोबर. एक किलो गंधक साधारण तीन किलो चुनखडी मारतो. एक चौरस मीटर जागा, एक फूट खोल, म्हणजे अंदाजे ४०० किलो माती. त्यात १० टक्के चुनखडी धरली तर ४० किलो. ती संपवायला तेरा किलो गंधक, फक्त एका चौरस मीटरला! आणि चुना संपल्याशिवाय सामू खाली येतच नाही. तेवढा गंधक टाकलात तर झाडच राहायचं नाही. त्यामुळं सगळी माती सुधारायचा नाद सोडा. मूठभर गंधक शेणखताबरोबर त्याच चार-पाच खड्ड्यांत घाला, तेवढ्या खिशात सामू खाली येतो, मुळं तिकडं वळतात, झाडाला तेवढं पुरतं. पण त्यालाही काही महिने लागतात आणि ओल लागते, उन्हाळ्यात कोरड्या मातीत गंधक नुसता पडून राहतो.

माती एकदा तपासून घ्याच. रयत संपर्क केंद्रात विचारा, नाहीतर बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आहे, अरभावीचं बागायती महाविद्यालय आहे, तिकडं जाणं झालं तर सल्लाही घेता येईल. २०१५ पासून ते माती आरोग्य कार्ड मिळतंय त्यात १२ गोष्टी येतात, लोह आणि सामू त्यात आहे, मुक्त चुना, म्हणजे मातीतली चुनखडी, त्यात नाही, तो वेगळा सांगून करून घ्यावा लागतो. लोह ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) खाली आलं तर कमी समजायचं. पान तपासणीच्या नादाला मात्र लागू नका, पिवळ्या पानात एकूण लोह कधीकधी हिरव्यापेक्षा जास्त निघतं, असून कामाला न येणारं.

द्राक्षवाला_तेलसंग:

एवढं सगळं वाचलो, आता मी सांगतो रोजच्या वापरातलं. आमच्या भागात द्राक्षाला हे दर साली असतंय, छाटणीनंतर कोवळी फूट आली की पिवळी. आम्ही बाकी काही बघत नाही, ईडीडीएचए घेतो. चिलेटेडचे तीन प्रकार अण्णांना दुकानात दिसले ना, ते असं आहे:

ईडीटीए स्वस्त, १२ टक्के लोह, पण सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत चुना त्याला पकडून लोह सोडायला लावतो. आपल्याकडं ते फक्त फवारणीला. डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं, म्हणजे आपल्या रानात तेही काठावर. ईडीडीएचए सामू नऊच्या वरपण टिकतंय, म्हणून जमिनीतनं द्यायचं तर तेवढंच. लोह त्यात ६ टक्केच असतं आणि भाव मात्र चढा, दुकानदार म्हणतो हे १२ टक्केवालं घ्या डबल ताकद, त्याचं ऐकू नका. डब्यावर ऑर्थो-ऑर्थो (लोहाला सगळ्यात घट्ट धरणारा त्यातला प्रकार) किती टक्के लिहिलंय तेही बघा, जितकं जास्त तितकं चांगलं. ओळखायला सोपं, पूड काळपट तांबडी, चिमूटभर पाण्यात टाकली की पाणी गडद लाल होतं. कपड्यावर पडू देऊ नका, निघत नाही.

लिंबू-पेरू मोठी झाडं असतील तर ५० ते १०० ग्रॅम, लहान असेल तर २०-३०, कुंडीला दोन-तीन ग्रॅम. डब्यावरचं प्रमाण बघून घ्या, कंपनीगणिक थोडं इकडंतिकडं. बादलीत विरघळवून, आधी ओल्या केलेल्या मातीत, झाडाच्या सावलीच्या कडेला चर काढून ओतायचं आणि मातीनं झाकायचं. उघड्यावर उन्हात ठेवलं तर उन्हानं फुटतं. फूट निघायच्या वेळेला दिलं की पैसे वसूल, फूट जून झाल्यावर दिलं तर तुमच्या समाधानासाठी. दोन-तीन आठवड्यात नवी पानं हिरवी येतात. झालेली पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही.

आणि खिळ्याचं काय म्हणताय, खिळ्याचा गंज म्हणजे तेच कुलूपबंद लोह, वर खोडाला जखम, त्यातनं कीड. आईंना माझा नमस्कार सांगा पण खिळे नको.

नर्सरी_निपाणी:

खिळे खोडात नको पण ताकात चालतात. आंबट ताकात गंजके खिळे टाकून पंधरा दिवस ठेवायचं, ते पाणी दहापट करून फवारायचं, सेंद्रियवाले करतात.

कृषीखातं_निवृत्त (संकेश्वर):

ताकाच्या आम्लात लोह विरघळतं, त्यामुळं अगदीच खोटं नाही. पण किती विरघळलं ते कोणाला माहीत, आज गुण आला उद्या नाही. हौस म्हणून एका फांदीवर करून बघा. माझ्या हातात हिराकस असताना मी ताक पिईन.

परसबाग_अथणी:

😂 ताकाचं पटलं. ईडीडीएचए तालुक्याला मिळालं नाही, मागवायला सांगितलोय. तोवर इक्झोरा आणि लिंबाला हिराकस फवारायचं म्हणून लिटरला पाच ग्रॅम घेऊन बोअरच्या पाण्यात टाकलो, ढवळलो तर पाणी पहिलं हिरवट आणि बघता बघता चहागत तांबूस-गढूळ, खाली गाळ. हिराकस भेसळीचा हाय काय? पंपात भरलो नाही अजून.

कृषीखातं_निवृत्त (संकेश्वर):

भरला नाही ते बरं केलं. हिराकस चांगला असला तरी असंच होणार, बोअरच्या पाण्यानं तो बादलीतच गंजला. मातीत जे दोन-चार दिवसांत होतं ते तुमच्यासमोर पाच मिनिटांत झालं. ओतून टाका ते. आता असं करा: गच्चीवरच्या टाकीत पावसाचं पाणी असेल तर ते घ्या, नसेल तर बोअरच्याच पाण्यात आधी लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, लिटरला एक ग्रॅम टाकून विरघळवा. किराणा दुकानात मिळतं. पाणी फारच जड असेल तर दीड-दोन ग्रॅम लागेल. मग हिराकस लिटरला ५ ग्रॅम. पाणी फिकट हिरवं आणि नितळ राहिलं पाहिजे, तासाभरानंही. तांबूस झालं की समजा लिंबूसत्व कमी पडलं. गाळून घ्या, चिकटायला दोन थेंब शाम्पू, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. आधी एका फांदीवर करा, दोन दिवसांत पानावर काळे ठिपके पडले नाहीत तर बाकीचं. इक्झोऱ्याला अर्धंच प्रमाण घ्या, कोवळं पान पांढरं पडलेलं आहे, लगेच भाजतं. दहा-बारा दिवसांनी परत, असं दोन-तीनदा. बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं) किंवा दुसऱ्या कुठल्या औषधात मिसळू नका.

हिराकस विकत घेताना खडे हिरवे बघून घ्या. वर पिवळट-तांबूस पूड धरली असेल तर जुना माल आहे. आणि डबा पोरांच्या हाताला आणि जनावरांच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा, लोह जास्त पोटात गेलं तर लहान पोराला जीवावर बेततं.

एक लक्षात ठेवा, फवारणीनं पडलेल्या थेंबापुरतंच पान हिरवं होतं, पुढची फूट परत पिवळीच येणार. फवारणी म्हणजे वेळ काढणं. खरं काम पाणी, राख आणि मुळापाशी.

द्राक्षवाला_तेलसंग:

फोटो बघितलो. लिंबाच्या आळ्याला खोडाला टेकून पाणी साठतंय अण्णा, वरंबा करून खोड उघडं करा आणि आळं बाहेर सरकवा. नाहीतर उद्या डिंक्या (खोडातनं डिंक गळायचा रोग) घेऊन परत इथंच याल.

वडगावची_अक्का:

पुढं कधी नवीन लिंबू लावायचं झालं तर कलमाला खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं मुळाचं झाड) कुठला आहे ते नर्सरीत विचारून घ्या, रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं असलं की चुनखडीत बरं चालतंय. आणि खरं सांगू का, त्या इक्झोऱ्याचा हट्ट सोडा, तो कुंडीत लाल माती नि पानांचं खत घालून वाढवा. जमिनीत लावायला चिकू, डाळिंब असली झाडं आहेतच की, चुनखडीला न घाबरणारी. तुमच्या चिकूला काही झालं नाही त्याचं कारण तेच.

अजून एक, पेरूखाली गवत किंवा मक्याची चार ताटं राहू दिली तर वाईट नाही. गवतवर्गातल्या झाडांची मुळं लोह ओढायला वेगळाच रस सोडतात, त्याचा फायदा शेजारच्या मुळांनाही होतो. भुईमुगात मक्याची ओळ टाकली की ओळीजवळचा भुईमूग जास्त हिरवा राहतो, हे चुनखडीच्या रानात तपासलेलं आहे. परसात लगेच जादू होणार नाही, पण खुरपून खुरपून आळं चकचकीत ठेवायची गरजही नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर):

भावाकडं उकरलं. अक्का म्हणल्या तसंच, वीतभर मातीखाली नुसता प्लास्टरचा खवडा, दोन पोती निघाला, एक सिमेंटचं फाटकं पोतं सुद्धा निघालं त्यात. 🙏

परसबाग_अथणी:

लिंबूसत्वानं पाणी एकदम नितळ राहिलं, फवारलो. राख आता गोठ्यामागच्या उकिरड्याला किंवा भांडी घासायला, आई कबूल झाली, म्हणजे तोंडानं तरी. पाणी चार-पाच दिवसांनी, माती बघून. ईडीडीएचएचा डबा आला की बहाराच्या फुटीला देतो. पण आता दुसरंच लफडं झालंय, इक्झोरा दारात आहे, फवारा खाली शहाबादी फरशीवर पडला आणि सकाळी फरशीवर तांबडे ठिपके. बायको बोलायची बंद झालीय. गंजाचे डाग लिंबूसत्वानं जातात असं ऐकलोय, घासू काय?

कृषीखातं_निवृत्त (संकेश्वर):

थांबा, घासू नका!! चिनीमातीच्या टाइलवर लिंबूसत्व चालतं, शहाबादी म्हणजे चुन्याचाच दगड, मातीवर लिंबू पिळल्यावर जे सुर्र झालं तेच फरशीवर होणार, डागाबरोबर पॉलिश जाऊन पांढरा खरखरीत चट्टा पडेल. घरातलं टॉयलेटचं अॅसिड तर लांबच ठेवा. साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश, जेवढं निघेल तेवढं. उरलेलं फरशी पॉलिशवाला आला की मशीननं काढेल.

द्राक्षवाला_तेलसंग:

आणि पुढच्या फवारणीला खाली जुनं प्लास्टिकचं पोतं पसरा, वहिनींना दाखवून पसरा.